सांधा: सीपी/एम आणि साल्युतची गोष्ट

२४ एप्रिल १९७१. जमिनीपासून साधारण दोनशे किलोमीटर उंचीवर सोयूझ १० नावाचं सोव्हिएत यान साल्युत १ या स्थानकाच्या तोंडाशी लटकून राहिलं होतं. जगातलं पहिलं अवकाशस्थानक पाचच दिवसांपूर्वी वर गेलं होतं आणि त्यात राहायला निघालेली ही पहिली तुकडी: व्लादिमीर शतालोव, अलेक्सेई येलिसेयेव आणि निकोलाय रुकाविश्निकोव. यानाच्या नाकावरचा दांडा स्थानकाच्या खोबणीत शिरला, अडकला आणि तिथेच थांबला. खरं तर दांडा आत ओढला जाऊन दोन्हींच्या कडा एकमेकींना घट्ट भिडायला हव्या होत्या. पण मध्ये नऊ सेंटिमीटरची फट राहून गेली. फट राहिली म्हणजे दार उघडायचं नाही, कारण बाहेर हवाच नाही. साडेपाच तास खटपट करून झाली. शेवटी सुटतानाही दांडा लवकर निघेना. तो निघाला, आणि तिघं नव्या घरात पाऊलही न टाकता परत आले.

यानंतर दोन-तीन वर्षांनी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियात, गॅरी किल्डॉल नावाचा एक प्राध्यापक वेगळ्याच खोबणीशी झगडत होता. मॉन्टेरे इथल्या नौदलाच्या पदव्युत्तर शाळेत तो शिकवायचा आणि इंटेलला सल्ला द्यायचा. इंटेलच्या नव्या मायक्रोप्रोसेसरसाठी त्याने पीएल/एम नावाची भाषा तयार केली होती. शुगार्ट कंपनीकडून त्याला एक फ्लॉपी ड्राइव्ह मिळाली होती, पण ती कॉम्प्युटरला जोडायची कशी? मध्ये लागणारं कंट्रोलरचं सर्किट त्याला काही केल्या जमेना. ड्राइव्ह नुसतीच पडून राहिली. अखेर जॉन टोरोड या मित्राने ते सर्किट बांधून दिलं आणि १९७४ मध्ये पॅसिफिक ग्रोव्हमध्ये ती ड्राइव्ह किल्डॉलच्या प्रोग्रामच्या हुकमाने चालू लागली. त्या प्रोग्रामचं नाव सीपी/एम. घराघरात मावतील अशा छोट्या कॉम्प्युटरांची पहिली खऱ्या अर्थाने पसरलेली ऑपरेटिंग सिस्टिम ती हीच.

हे दोन प्रसंग माझ्या डोक्यात कायम शेजारी शेजारी असतात. पहिल्या अवकाशस्थानकांची आणि छोट्या कॉम्प्युटरांच्या या पहिल्या ऑपरेटिंग सिस्टिमची वर्षं जवळजवळ एकच आहेत, हा योगायोग झाला. पण दोन्हीकडच्या माणसांना जो प्रश्न सोडवावा लागला तो मात्र खरोखर एकच होता. दोन वेगळ्या वस्तू, वेगळ्या लोकांनी, वेगळ्या वेळी बनवलेल्या, एकमेकींना जोडायच्या कशा? आणि आज जोडलेली वस्तू उद्या काढून तिच्या जागी दुसरी लावता येईल का? सुतार ज्याला सांधा म्हणतो तो हा प्रश्न. या लेखात मला फक्त सांध्याबद्दलच बोलायचं आहे.

आधी कॉम्प्युटर घेऊ.

ऑपरेटिंग सिस्टिम नसेल तर काय होतं? समजा, तुम्ही पत्रं लिहिण्याचा एक प्रोग्राम लिहिला. पत्र फ्लॉपीवर ठेवायचं म्हणजे ड्राइव्हची मोटर चालू करणं, तिचं वाचणारं-लिहिणारं डोकं कितव्या वर्तुळावर न्यायचं ते सांगणं, तबकडी फिरता फिरता नेमका तुकडा खाली आला की तिथे लिहिणं, हे सगळं तुमच्याच प्रोग्रामला करावं लागणार. शेजाऱ्याकडे दुसऱ्या कंपनीची ड्राइव्ह असेल तर तुमचा प्रोग्राम तिथे कुचकामी. आणि १९७५-७६ मध्ये अमेरिकेत असे छोटे कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपन्या पावसाळी छत्र्यांसारख्या उगवत होत्या. प्रत्येकीची ड्राइव्ह वेगळी, टर्मिनल वेगळं, प्रिंटर वेगळा. एकच गोष्ट बऱ्याच जणांत सारखी होती, ती म्हणजे आतला प्रोसेसर: इंटेलचा ८०८०, किंवा त्याच्याच सूचना समजणारा झायलॉगचा झेड-८०.

किल्डॉलने काम दोन भागांत तोडलं, आणि तोडलं ते अगदी अचूक जागी. वरच्या भागाला नाव दिलं बीडॉस. फाइल म्हणजे काय, तिचं नाव कसं असतं, ती फ्लॉपीवर कुठे कुठे पसरली आहे, हे बीडॉसला ठाऊक. पण मोटर कशी फिरते हे त्याला ठाऊक नाही. ते खालच्या भागाचं काम. त्या भागाचं नाव बायोस. हो, आज कॉम्प्युटर सुरू करताना ज्याचं नाव आपण ऐकतो तोच शब्द. तो किल्डॉलनेच रूढ केला.

सीपी/एमच्या २.२ या आवृत्तीत बायोसला फक्त सतरा कामं यावी लागत. की दाबली गेली आहे का ते सांग. दाबलेलं अक्षर दे. हे अक्षर पडद्यावर दाखव. हे प्रिंटरकडे पाठव. डोकं अमुक वर्तुळावर ने. अमुक तुकडा वाच. तो लिही. अशी सतरा. नव्या कंपनीने नवा कॉम्प्युटर काढला की तिच्या इंजिनिअरने एवढी सतरा छोटी कामं आपल्या यंत्रासाठी लिहायची. बाकी सीपी/एम जसंच्या तसं. सुरुवातीला ही फाळणी इतकी स्वच्छ नव्हती. इम्साय नावाच्या कंपनीच्या यंत्रावर सीपी/एम बसवायच्या कामात किल्डॉलने यंत्रागणिक बदलणारा सगळा भाग वेगळा काढून एका जागी आणला. पुन्हा पुन्हा तेच काम करायचा कंटाळा आला की माणसं असे शोध लावतात, आणि मला ते फार खरे शोध वाटतात.

वरच्या बाजूलाही असाच एक सांधा होता. प्रोग्रामला बीडॉसकडून काम करून घ्यायचं तर त्याने कुठे जायचं? बीडॉस मेमरीच्या वरच्या टोकाला बसायचं, आणि कोणाच्या यंत्रात मेमरी १६ किलोबाइट तर कोणाच्या ६४. म्हणजे बीडॉसचा पत्ता दर यंत्रात वेगळा. यावर तोडगा साधा होता: मेमरीतल्या ५ नंबरच्या पत्त्यावर एक पाटी लावून ठेवली, ‘बीडॉस अमुक ठिकाणी आहे, तिकडे जा’. प्रोग्रामने कायम पाच नंबरच्या खिडकीवर जायचं आणि हातातल्या चिठ्ठीवर कामाचा क्रमांक लिहायचा. २ म्हणजे एक अक्षर दाखव, १५ म्हणजे फाइल उघड, २० म्हणजे पुढचा तुकडा वाच, २१ म्हणजे लिही. खिडकीमागे कोण बसलंय, त्याची खुर्ची कुठे आहे, याच्याशी प्रोग्रामला देणंघेणं नाही.

एवढं झालं आणि बाजारच बदलला. वर्डस्टार हा लेखनाचा प्रोग्राम १९७८ मध्ये आला, मागोमाग माहितीच्या नोंदी सांभाळणारा डीबेस. ते एकदा लिहिले आणि ढीगभर वेगवेगळ्या यंत्रांवर चालले, कारण प्रत्येक यंत्रावर पाच नंबरची खिडकी होतीच. पडद्याची आणि की-बोर्डची थोडी जुळवाजुळव करावी लागे, पण प्रोग्राम तोच. डीबेसचा उगम तर नासासाठी काम करणाऱ्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतला. तिथल्या वेन रॅटलिफने तिथल्याच माहितीसाठ्याच्या एका प्रोग्रामवरून तो घरच्या यंत्रासाठी लिहिला होता. आपल्याकडे नव्वदीच्या सुरुवातीला गावोगावच्या कॉम्प्युटर क्लासांत जे वर्डस्टार आणि डीबेस शिकवलं जायचं त्यांची जन्मपत्रिका ही अशी आहे. तोवर ते डॉस या नंतरच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालू लागले होते, पण मूळ घर सीपी/एमचं.

फ्लॉपीवरची व्यवस्था थोडी जवळून बघू, कारण ती आपल्याला ओळखीची वाटेल. त्या काळची मूळ फ्लॉपी आठ इंची, म्हणजे जवळजवळ जेवणाच्या ताटलीएवढी. तिच्यावर ७७ वर्तुळं, प्रत्येक वर्तुळाचे २६ तुकडे, प्रत्येक तुकड्यात १२८ बाइट. गुणाकार केला की अडीच लाख बाइटच्या थोडं वर जातं. आज मोबाइलवर आलेला सकाळचा एक शुभेच्छा-फोटो याहून मोठा असू शकतो. पहिली दोन वर्तुळं खुद्द सीपी/एमसाठी राखीव, आणि उरलेल्यांच्या सुरुवातीला असायची डिरेक्टरी.

ही डिरेक्टरी म्हणजे गावचा सातबारा. कुठला तुकडा कुणाच्या नावावर आहे त्याची नोंद. सीपी/एममध्ये फाइल पुसली की फाइल पुसली जायची नाही. सातबाऱ्यावरच्या तिच्या नोंदीचा पहिला बाइट बदलून तिथे ‘ई५’ हा ठरलेला आकडा टाकला जायचा. नाव खोडलं, जमीन जशीच्या तशी. म्हणून लगेच लक्षात आलं तर फाइल परत मिळवता यायची. कोऱ्या फ्लॉप्या ‘ई५’ या आकड्याने भरलेल्याच येत, त्यामुळे नवी फ्लॉपी आपोआपच ‘सगळ्या जमिनी मोकळ्या’ अशी वाचली जायची.

आता खरी गंमत. दर वेळी सातबारा वाचायचा तर फार वेळ जातो, म्हणून बीडॉस एकदाच सगळा सातबारा वाचून कुठल्या जमिनी मोकळ्या आहेत त्याचा एक तक्ता मेमरीत करून ठेवायचा. पण तुम्ही त्याला न सांगता फ्लॉपी काढून दुसरी घातलीत तर? खिशात तक्ता एका गावाचा, समोर जमीन दुसऱ्या गावाची. तसंच लिहिलं असतं तर कोणाच्याही शेतात कोणाचंही घर उभं राहिलं असतं. काही महिन्यांपूर्वी मी सीपी/एमचं एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम, लॅपटॉपवर चालवलं आणि मुद्दाम हेच केलं: चालू असताना फ्लॉपी बदलली आणि नवी फाइल लिहायला घेतली. काळ्या पडद्यावर उमटलं, ‘बीडॉस एरर ऑन बी: आर/ओ’. म्हणजे ही फ्लॉपी आता फक्त वाचण्यापुरती. बीडॉसने डिरेक्टरीची बेरीज करून ठेवलेली असते. ती जुळली नाही तेव्हा त्याला कळलं की गाव बदललंय, आणि त्याने लिहिणंच बंद केलं. फ्लॉपी बदलल्यावर कंट्रोल आणि सी दाबायचं, म्हणजे बीडॉस नवा सातबारा वाचतो. १९७० च्या दशकात जगभरच्या हजारो लोकांच्या बोटांना ही सवय लागलेली होती. मी पंधरा मिनिटांत तीनदा विसरलो, आणि तिन्ही वेळा त्या पाच शब्दांनी माझ्या फाइली वाचवल्या. सांधा सुटून पुन्हा लागला आहे हे ओळखणं, आणि खात्री नसेल तर हात आखडता घेणं. जेमतेम काही हजार बाइटच्या प्रोग्राममध्ये एवढी समज होती.

आता वर जाऊ.

सोयूझ १० का जोडलं गेलं नाही? जोडणीचं यंत्र असं चालतं: यानाच्या नाकावर दांडा, स्थानकावर शंकूच्या आकाराची खोबण. दांडा शंकूत कुठेही टेकला तरी घसरत घसरत तळाशी जातो आणि टोक अडकतं. ही झाली पहिली पकड, ढिली. मग दांडा हळूहळू आत ओढला जातो, यान स्थानकाकडे खेचलं जातं, दोन्हीकडच्या गोल कडा भिडतात आणि कडेने बसवलेले आकडे एकमेकांत अडकून आवळले जातात. रबरी कडी दाबल्या जातात, विजेच्या तारांचे जोडही लागतात. ही झाली पक्की पकड. मग हवा गळत नाही ना ते तपासायचं, दोन्हीकडचा दाब सारखा करायचा, दांडा आणि शंकू काढून बाजूला ठेवायचे आणि मधून माणूस सरपटत पलीकडे. याआधी, जानेवारी १९६९ मध्ये, दोन सोयूझ जोडली होती तेव्हा मधून रस्ताच नव्हता. अंतराळवीरांना पोशाख चढवून बाहेरून जावं लागलं होतं. आतून रस्ता असलेला हा सांधा नवा होता. त्याच्या मागे ज्यांचं डोकं होतं त्यांत व्लादिमीर सिरोम्यात्निकोव या इंजिनिअरचं नाव आदराने घ्यावं लागतं.

सोयूझ १० च्या वेळी पहिली पकड बसली, पण यानाची स्वयंचलित यंत्रणा यान सरळ करण्यासाठी छोटी इंजिनं चालवतच राहिली. अडकलेल्या दांड्यावर त्याचा ताण आला आणि झटका शोषणारा भाग मोडला. म्हणजे दांडा बरा होता, खोबणही बरी होती. जोडणी सुरू झाली आहे हे यानाच्या दुसऱ्या भागाला कोणी सांगितलंच नव्हतं. बीडॉसला न सांगता बदललेली फ्लॉपी आणि हे यान यांच्यात मला फारसा फरक दिसत नाही.

दांडा मजबूत केला गेला आणि जून १९७१ मध्ये सोयूझ ११ व्यवस्थित जोडलं गेलं. गिओर्गी दोब्रोवोल्स्की, व्लादिस्लाव वोल्कोव आणि विक्टर पात्सायेव हे स्थानकात राहिलेले पहिले तिघे. तीन आठवडे ते तिथे राहिले, काम केलं, दूरदर्शनवरून लोकांना दिसत राहिले. ३० जूनला परतताना यानाचे भाग एकमेकांपासून तोडले गेले आणि त्या धक्क्याने हवेचा दाब सारखा करणारी एक झडप वेळेआधी, अवकाशातच, उघडली. ती जमिनीजवळ आल्यावर उघडायची होती. केबिनमधली हवा निघून गेली. तिघांच्या अंगावर दाबाचे पोशाख नव्हते, कारण तिघांना बसायचं तर पोशाखांना जागा नव्हती. यान पॅराशूटने ठरल्याप्रमाणे अलगद उतरलं. दार उघडणाऱ्यांना आत तिघेही निश्चल सापडले. यानंतर सोयूझमध्ये जाता-येताना पोशाख सक्तीचे झाले आणि त्यासाठी माणसं तिनावरून दोनवर आणली गेली. तीन माणसं पोशाखासह पुन्हा बसू लागली ती १९८० मध्ये, सोयूझ टी या सुधारलेल्या यानात.

मधल्या काळात अमेरिकेने स्कायलॅब पाठवलं, १४ मे १९७३ रोजी. आपल्याकडे स्कायलॅब म्हटलं की १९७९ चा जुलै आठवतो. ते पडणार, कुठे पडेल सांगता येत नाही, अशा बातम्या रोज येत होत्या. माझी आई तेव्हा शाळेत होती. त्या दिवसांत आजी मुलींना अंगणातही खेळू देत नव्हती, हे ती आजही सांगते. ११ जुलैला त्याचे तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले.

पण ते का पडलं? स्कायलॅब प्रचंड होतं, ऐसपैस होतं. उड्डाणाच्या दुसऱ्याच मिनिटाला त्याचं बाहेरचं संरक्षक कवच उखडलं, सौरपंखांपैकी एक तुटून गेला, दुसरा अडकून बसला. पहिल्या तुकडीने आतून छत्री बाहेर काढून सावली केली, अडकलेला पंख बाहेर जाऊन सोडवला, आणि घर राहण्याजोगं केलं. ती गोष्ट स्वतंत्र लिहावी इतकी चांगली आहे. तीन तुकड्या तिथे २८, ५९ आणि ८४ दिवस राहिल्या. मात्र त्यांना लागणारं जवळजवळ सगळं, सुमारे पावणेतीन टन पाणीसुद्धा, पहिल्याच दिवशी आत भरून पाठवलेलं होतं. यान जोडायला दारं होती, पण त्या दारांतून स्थानकाला इंधन देण्याची सोय नव्हती. शिदोरी संपेपर्यंतच घर. फेब्रुवारी १९७४ नंतर तिथे कोणी गेलं नाही. पुढे सूर्य जास्त तापला, वरची विरळ हवा फुगली, घर्षण वाढलं, आणि त्याला वर ढकलण्यासाठी जे स्पेस शटल जायचं होतं ते काही वेळेत तयार झालं नाही.

सोव्हिएत इंजिनिअरांनी हा प्रश्न २९ सप्टेंबर १९७७ रोजी गेलेल्या साल्युत ६ मध्ये सोडवला. माझ्या मते अवकाशस्थानकांचा इतिहास या एका स्थानकाच्या आधीचा आणि नंतरचा असा पाडावा. बदल ऐकायला किरकोळ आहे: मागच्या बाजूलाही एक दार. आधीच्या नागरी साल्युतमध्ये मागच्या टोकाला इंजिन होतं. दार करायचं तर इंजिन तिथून हलवायला हवं. म्हणून अख्खी इंजिन-व्यवस्था नव्याने आखून दाराच्या भोवती बसवली. पुढचं दार माणसांच्या यानासाठी, मागचं दार माणसांसाठी आणि मालासाठीही. आणि मागच्या दाराच्या कड्यातच इंधनाच्या नळ्यांचे जोड.

वजन नसलेल्या जागी टाकीत इंधन भरायचं कसं, हे समजून घेण्यासारखं आहे. आपल्याकडे बादली वर धरली की पाणी खाली पडतं. तिथे खाली असं काही नसतंच. टाकीतला द्रव गोळे होऊन तरंगतो. म्हणून टाकीच्या आत धातूचा भाता असतो, पेटीला असतो तसा. भात्याच्या एका बाजूला इंधन, दुसऱ्या बाजूला दाबलेला नायट्रोजन वायू. वायू ढकलतो, इंधन इंजिनाकडे जातं. इंधन संपत आलं की ती जागा वायूने व्यापलेली. आता नवं इंधन आत घ्यायचं तर आधी वायूला मागे हटवलं पाहिजे. म्हणून स्थानकातला कॉम्प्रेसर तो वायू खेचून परत बाटल्यांत भरतो आणि टाकीतला दाब कमी करतो. मग मालवाहू यानातला वायू जास्त दाबाने तिकडचं इंधन ढकलतो, आणि ते सांध्यातल्या नळीतून इकडे येतं. द्रव दोन असतात, इंधन आणि ते जाळणारा. दोन्ही विषारी, आणि एकमेकांना नुसते शिवले तरी पेट घेणारे. त्यामुळे नळ्या वेगळ्या, भरणंही एकेक करून. वेगळं होण्याआधी नळ्यांत उरलेले थेंब वायूने फुंकून बाहेर घालवायचे, म्हणजे सांधा स्वच्छ राहतो.

हे सगळं जमेल याची खात्री मात्र सुरुवातीलाच डळमळली. ऑक्टोबरात सोयूझ २५ पुढच्या दाराला जोडायला गेलं आणि पक्की पकड बसलीच नाही. दोष यानाचा की दाराचा? दाराचा असेल तर स्थानक अर्धं निकामी. युरी रोमानेन्को आणि गिओर्गी ग्रेच्को डिसेंबरात सोयूझ २६ मधून गेले ते मुद्दाम मागच्या दाराने आत शिरले. २० डिसेंबरला ग्रेच्कोने आतून पुढचं दार उघडलं, बाहेर डोकावून खोबण आणि जोड एकेक करून तपासले आणि खाली कळवलं: काही बिघडलेलं नाही. दोन दारं असण्याचा फायदा इथेच सिद्ध झाला. एक दार संशयास्पद असताना दुसऱ्याने आत जाऊन पहिलं तपासता आलं.

पुढचे दोन महिने म्हणजे आजच्या सगळ्या स्थानकांची रंगीत तालीम होती. जानेवारी १९७८ मध्ये पाहुणे पुढच्या दाराने आले आणि जाताना मागचं, जुनं झालेलं यान घेऊन गेले. दार मोकळं झालं. २२ जानेवारीला त्या दाराला प्रोग्रेस १ जोडलं गेलं, आत माणूस नसलेलं, अन्न, पाणी, हवा, सुटे भाग आणि सुमारे एक टन इंधन घेऊन. फेब्रुवारीच्या सुरुवातीला ते इंधन स्थानकाच्या टाक्यांत गेलं. रिकामं झालेलं प्रोग्रेस कचऱ्याने भरून वातावरणात जाळून टाकलं. रोमानेन्को आणि ग्रेच्को ९६ दिवस राहिले, स्कायलॅबचा ८४ दिवसांचा विक्रम मागे पडला.

१९७९ च्या ऑगस्टमध्ये तर हा सांधा किती मोलाचा आहे ते फार जवळून कळलं. रेडिओ दुर्बिणीची दहा मीटर व्यासाची जाळीदार तबकडी मागच्या दारातून बाहेर उलगडली होती. काम झाल्यावर ती सोडून द्यायची, तर ती स्थानकाच्या मागच्या भागात अडकून बसली. मागचं दार बंद म्हणजे प्रोग्रेस बंद, इंधन बंद. व्लादिमीर लियाखोव आणि वालेरी र्‍युमिन तोवर जवळजवळ सहा महिने वर राहून दमलेले होते. तरी ते बाहेर पडले. र्‍युमिन स्थानकाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धरत धरत गेला, अडकलेली तार कापली आणि तबकडी ढकलून दिली. साल्युत ६ पुढे १९८२ पर्यंत चाललं.

इकडे खाली सीपी/एमचं काय झालं? धंद्यात ते हरलं. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमचा पीसी आला तो मायक्रोसॉफ्टच्या डॉसवर. ते डॉस मुळात टिम पॅटरसनने सिएटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्समध्ये लिहिलेलं होतं. नव्या ८०८६ प्रोसेसरवर जुने प्रोग्राम सहज आणता यावेत म्हणून त्याने खिडक्या तशाच ठेवल्या होत्या: कामांचे क्रमांक बरेचसे तेच, फाइलच्या नावाला आठ अक्षरं आणि पुढे तीन तीच, ड्राइव्हला ए आणि बी तेच. प्रत्येक प्रोग्रामच्या सुरुवातीच्या पाचव्या पत्त्यावर एक खिडकीही. सीपी/एमची पुढची आवृत्ती आयबीएमच्या यंत्रासाठी उशिरा आली, किंमतही डॉसच्या कैक पट होती. ग्राहकाने स्वस्त निवडलं. किल्डॉल १९९४ मध्ये वारला. त्याच्यावर अन्याय झाला की नाही यावर लोक अजून भांडतात. मला एवढंच दिसतं की त्याचा सांधा त्याच्या कंपनीपेक्षा जास्त जगला. आजही विंडोजमधली पहिली हार्ड डिस्क सी असते, कारण ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपींसाठी धरून ठेवलेली आहेत. फ्लॉपी गेली, खोबण राहिली.

साल्युतचंही तसंच. सोव्हिएत संघ राहिला नाही, पण आंतरराष्ट्रीय स्थानकाच्या रशियन भागातलं झ्वेझ्दा हे दालन थेट साल्युतच्या वंशातलं आहे आणि त्याच्या मागच्या दाराला प्रोग्रेस याच दांडा-खोबणीच्या सांध्याने जोडलं जातं, इंधनही तिथूनच भरलं जातं. इस्रोने १६ जानेवारी २०२५ रोजी स्पेडेक्स या प्रयोगातले दोन छोटे उपग्रह कक्षेत एकमेकांना जोडले. आपल्याला स्वतःचं स्थानक हवं आहे, आणि सुरुवात सांध्यापासून केली आहे. मला त्या बातमीचा आनंद झाला तो एवढ्यासाठीच.

राकेश शर्मांचा प्रवास आपण शाळेत एका वाक्यात शिकलो. त्यातला सांध्याचा भाग कोणी सांगत नाही. ३ एप्रिल १९८४ रोजी ते युरी मालिशेव आणि गेन्नादी स्त्रेकालोव यांच्याबरोबर सोयूझ टी-११ मधून निघाले. साल्युत ६ नंतरच्या साल्युत ७ या स्थानकाच्या पुढच्या दाराला आधीच एक सोयूझ होतं, त्यात राहणाऱ्या तिघांचं. त्यामुळे पाहुण्यांचं यान मागच्या दाराला लागलं. सोयूझ कक्षेत फार काळ ठेवता येत नाही, म्हणून पाहुण्यांनी आपलं ताजं यान मागे ठेवायचं आणि यजमानांचं जुनं घेऊन परतायचं, ही साल्युत ६ पासूनची रीत. सोयूझच्या खुर्चीत प्रत्येकाच्या पाठीच्या मापाचा साचा बसवलेला असतो, कारण उतरतानाचा धक्का पाठीवर येतो. परतण्याआधी ते साचे एका यानातून काढून, स्थानकाच्या मधल्या बोळातून तरंगत नेऊन, दुसऱ्या यानात बसवले जातात. ११ एप्रिलला राकेश शर्मा उतरले ते सोयूझ टी-१० मधून, वर गेले होते त्यापेक्षा वेगळ्या यानातून. दोनच दिवसांनी वरच्या तिघांनी टी-११ मागच्या दारापासून सोडवलं आणि पुढच्या दाराला आणून लावलं. मागचं दार रिकामं झालं, आणि त्याच आठवड्यात त्याला पुढचं प्रोग्रेस येऊन लागलं.